दोन भाऊ डॉट कॉम

थोरलीने बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, उचलल्या आणि पुन्हा मांडल्या. अख्खा संसार खुर्च्या करणाऱ्यांच्या घरात गेला होता, पण पाच माणसांना कसं बसवावं हे आज तिला सुचत नव्हतं. दोघा भावांना समोरासमोर बसवावं तर कोर्ट भरल्यासारखं दिसणार, शेजारी बसवावं तर दोघंही बसणार नाहीत. शेवटी तिने स्वयंपाकघरातलं टेबल ओढत आणलं आणि मधोमध ठेवलं. निदान नजर टेकवायला तरी काहीतरी असावं.

थोरला खिडकीशी उभा राहून तिची ही ओढाताण बघत होता.

"कशाला हा घाट घातलास? तो यायचा नाही."

"येतील. मी बोलावलंय भावोजींना."

"तू बोलावलंस म्हणून येईल. मी बोलावलं असतं तर आला नसता."

"तुम्ही बोलावलंत का कधी?"

यावर थोरल्याने खिडकीची कडी उगाच लावली, उगाच काढली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, त्यामुळे थोरलीला त्या कडीचा अर्थ नीट कळत होता. वेत ताठ आहे, पण आज पाणी लावलं तर वाकेल.

दोघं भाऊ रांगत होते तेव्हा त्यांच्या वडिलांनी वेताच्या खुर्च्यांचं दुकान काढलं आणि हौसेने पाटी रंगवून घेतली, 'दोन भाऊ'. पाटी मोठी होत नाही, भाऊ होतात. वडील गेले आणि थोरल्याला वाटलं, आता ऑफिसातल्या खुर्च्या कराव्यात, चाकांच्या, वरखाली होणाऱ्या. धाकट्याला वाटलं, वेत सोडला तर आपण खुर्च्यांचे कारागीर उरलो नाही, जोडणारे झालो. शब्दाला शब्द लागत गेला. एके दिवशी अवजारं वाटली गेली, लाकूड वाटलं गेलं. पाटी मात्र कोणी सोडेना. मग एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोन दुकानं झाली आणि दोन्हींवर तीच पाटी लागली. लोकांनी आपली सोय करून घेतली. हे चाकांचे दोन भाऊ, ते वेताचे दोन भाऊ. आणि दोष कोणावर घालायचा, तर रिवाजाप्रमाणे बायकांवर. जावाजावांचं पटलं नसेल, असं सगळा रस्ता म्हणत राहिला.

पटत नव्हतं ते भावाभावांचं. जावांचं इतकं पटत होतं की दोघी त्याची वाच्यता कुठे करत नव्हत्या. भाजीच्या गाड्यापाशी, दवाखान्याच्या बाकावर, पोस्टाच्या रांगेत, जिथे म्हणून दोन बायका थोडा वेळ उभ्या राहू शकतात तिथे त्या भेटायच्या. धाकटी जायच्या आधीचे काही महिने तर थोरली रोज दुपारी मागच्या दाराने तिच्याकडे जात असे.

आता धाकटी नव्हती. तिच्या मागे धाकटा होता आणि त्यांची लेक, जिला सगळे मुंगी म्हणत, कारण लहानपणापासून ती कधी एका जागी थांबलेली कोणी पाहिली नव्हती. थोरलीचा मुलगा खिळा. हे नाव त्याच्या अंगकाठीवरून पडलं होतं आणि पुढे स्वभावालाही शोभलं, कारण एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती उपटून काढावी लागे. दोघं चुलत भावंडं आपापल्या बापाचं दुकान सांभाळत होती, आणि रस्त्यात भेटली तर हसून बोलायचीही.

त्यांच्यात बिनसलं ते गेल्या आठवड्यात. गावातल्या मोठ्या ग्रंथालयाला वाचनकक्षातल्या जुन्या वेताच्या खुर्च्या दुरुस्त करून हव्या होत्या आणि ऑफिससाठी नवीन चाकांच्या खुर्च्याही हव्या होत्या. ग्रंथपालबाईंनी दोन्ही दुकानांत फोन केला आणि दोन्हीकडे गोंधळून विचारलं, "तुम्ही नक्की कोणते दोन भाऊ?" मग म्हणाल्या, तुमच्या वेबसाइटचा पत्ता पाठवा, समितीला काम बघायचंय.

वेबसाइट दोघांचीही नव्हती. त्याच संध्याकाळी इकडे खिळा आणि तिकडे मुंगी, दोघं एकच नाव घ्यायला बसली. दोनभाऊ डॉट कॉम. दोघांनाही एकच उत्तर मिळालं की हे नाव आधीच कोणीतरी घेतलेलं आहे. उघडून बघितलं तर कोरं पान. खिळ्याला वाटलं मुंगीने घेतलं, मुंगीला वाटलं खिळ्याने.

"मुंगे, तू असं करशील असं वाटलं नव्हतं," खिळा फोनवर म्हणाला होता. पलीकडून फोन आपटल्यासारखा बंद झाला.

थोरली तेव्हा भाजी निवडत होती. तिचा हात जागच्या जागी थांबला. कारण ते नाव तिच्यापाशी होतं.

लग्नाआधी धाकटी छापखान्यात अक्षरजुळणी करायची. लोकांच्या व्हिजिटिंग कार्डांवर फोन नंबराच्या खाली वेबसाइटच्या पत्त्याची एक नवी ओळ येऊ लागलेली तिने सगळ्यांच्या आधी पाहिली होती. उद्या आपल्यालाही लागेल, असं मनाशी म्हणून तिने दुकान एकत्र होतं तेव्हाच ते नाव घेऊन ठेवलं. पाटीच्या वाढदिवसाला सगळ्यांना सांगून चकित करायचं होतं. तो वाढदिवस यायच्या आत दुकान फुटलं.

"पाटी दोघांनी एकेक केली," ती आजारपणात थोरलीला म्हणाली होती. "हे नाव तसं वाटता येणार नाही, ताई. जगात एकच असतं. कळलं तर यावरूनही भांडतील. म्हणून मी गप्प बसले."

मग तिने थोरलीला सगळं शिकवलं. नाव विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतं. मुदत भरत आली की मेल येतो, म्हणून आपली मेलची पेटी तिने थोरलीच्या फोनवर उघडून दिली. तो मेल आला की फोनवर काय दाबायचं, तेही शिकवलं. थोरलीला फोनवर हिरवं बटण आणि लाल बटण एवढंच ठाऊक होतं, पण ती शिकली.

"एका कोणाला देऊ नका हं. दोघं एका टेबलाशी बसतील त्या दिवशी द्या."

"आणि बसलेच नाहीत तर?"

"तोवर तुम्ही आहात ना."

तेव्हापासून दर वर्षी धाकटीच्या नावाने मेल यायचा. नमस्कार, आपल्या नावाची मुदत संपत आली आहे. दर वर्षी ते वाक्य दोनदा वाचून थोरली मुदत वाढवायची. नवऱ्याला कधी सांगितलं नाही, मुलाला नाही. गेल्या आठवड्यात मात्र मुलाचा उतरलेला चेहरा बघून तिची जीभ किती वेळा वळवळली होती, ते तिचं तिलाच ठाऊक. द्यावं का पोराला? पोटचा गोळा आहे. पण द्यायला निघाली की डोळ्यांसमोर धाकटी उभी राहायची. आणि तीही पोटच्यासारखीच होती.

जिन्यावर पावलं वाजली. मुंगी आधी वर आली, बगलेत लॅपटॉप. तिच्या मागून धाकटा. दाराशी येऊन तो थबकला. या घराचा उंबरा त्याने किती वर्षांत ओलांडला नव्हता, हे त्याच्या पायांना आठवलं असावं.

"या भावोजी," थोरली म्हणाली. "पंख्याखाली बसा, जिना चढून दमलात."

धाकटा बसला. बसण्याआधी त्याने खुर्चीची पाठ जरा हलवून पाहिली. ते त्याने मुद्दाम केलं नव्हतं, हाताची सवय ती. पण थोरल्याने पाहिलंच.

"मोडत नाही," थोरला म्हणाला.

"मोडते असं मी म्हटलं का?"

"बाबा," मुंगीने दबक्या आवाजात बापाला आवरलं. खिळाही येऊन बसला, तिच्याकडे न बघता.

"काकू, तुम्ही बोलावलंत म्हणून आलो," मुंगी म्हणाली. "मला एवढंच सांगायचंय, ते नाव मी घेतलेलं नाही. मी खोटं बोलत नाही."

"मीही घेतलेलं नाही," खिळा म्हणाला.

"मग काय पाखरू येऊन घेऊन गेलं?" थोरला म्हणाला. "आणि मला आधी हे सांगा, एवढं अडलंय कुठे? या रस्त्यावर एकाच नावाची दोन दुकानं चालतात, तिथे का नाही चालत?"

मुंगीने काकांकडे बघितलं. किती दिवसांनी काकांनी तिला काही विचारलं होतं. तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"काका, वेबसाइट म्हणजे कुठल्यातरी कॉम्प्युटरवर ठेवलेली पानं. त्या कॉम्प्युटरचा खरा पत्ता आकड्यांचा असतो, लांबलचक. ते आकडे कोण पाठ करणार? म्हणून त्याला नाव द्यायचं. लोक नाव टाइप करतात, आणि हे नाव कुठल्या आकड्याचं हे सांगणारी यंत्रं जगभर बसवलेली असतात. ती आकडा शोधून देतात आणि पान उघडतं. आता एकाच नावाचे दोन मालक असले, तर त्या यंत्राने माणसाला पाठवायचं कोणाकडे?"

"आपला पोस्टमन पाठवतो की बरोबर."

"पोस्टमन आपल्याला ओळखतो, काका. यंत्र कोणाला ओळखत नाही."

थोरला हुं म्हणाला. त्याला पटलं की त्याचं हुं खालच्या सुरात यायचं.

"मग मागचं ते कॉम बदला. दुसरं काहीतरी लावा."

"ते मीही म्हटलं होतं," खिळ्याला राहवलं नाही. "डॉट नेट मोकळं आहे."

"मोकळं आहे, कारण कोणाच्या लक्षात राहत नाही," मुंगी त्याच्याकडे वळली. "कॉम म्हणजे एक आळी, नेट म्हणजे दुसरी. आपण दुसऱ्या आळीत घर घेतलं तरी माणसं सवयीने पहिल्या आळीतच जाणार. आणि तिथे दार उघडणार ते दुसऱ्याच कोणाचं."

"तुझ्याजवळ तरी आहे का दुसरं नाव?"

"आहेत. अस्सल दोन भाऊ, एक. मूळ दोन भाऊ, दोन."

"मूळ कोण?" थोरला आणि धाकटा एकदमच म्हणाले, आणि दोघांनीही मान वळवली.

"नाव असं हवं की फोनवर सांगितलं तरी ऐकणाऱ्याला बिनचूक लिहिता यावं," मुंगी खाली बघत म्हणाली. "आई सांगायची. तिच्या छापखान्यात लोक यायचे, मधे आडवी रेघ टाका, इथे दोन ए टाका म्हणून. ती म्हणायची, जे नाव समजावून सांगावं लागतं ते नाव नाही, कोडं आहे."

धाकटीचा असा उल्लेख झाला आणि दोघा भावांनी नजर टेबलावर टेकवली. थोरलीने बघितलं, दोघं भाऊ एका टेबलाशी बसले होते. मान वळवून का होईना, बसले होते. यापेक्षा जास्त कशाची वाट बघायची?

"ते नाव तिनेच घेतलंय," ती म्हणाली.

"कोणी?"

"धाकटीने. दुकान एकत्र होतं तेव्हा. जाताना माझ्या हवाली करून गेली. मी दर वर्षी मुदत वाढवते."

मग खिळा हळूच म्हणाला, "आई, गेला आठवडाभर मी तुझ्यासमोर कपाळ बडवत होतो."

"बघत होते रे. एकट्या तुला देऊ नको म्हणाली होती. एकट्या मुंगीलाही नाही. तुझे बाबा आणि काका एका टेबलाशी बसतील तेव्हाच दे म्हणाली."

थोरल्याचा चेहरा तांबडा झाला. राग येत होता, पण तो नेमका कोणावर काढायचा हे त्याला कळत नव्हतं. "म्हणजे या घरात मला कोणी काही सांगायचंच नाही. माझ्या बापाने ठेवलेलं नाव, आणि मलाच पत्ता नाही."

"तू तरी कुठे सांगितलं होतंस?" धाकटा म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदाच तो सरळ भावाशी बोलला होता. "खुर्चीचं."

"कुठल्या खुर्चीचं?"

"तिच्या. शेवटी जिच्यात बसायची ती. दवाखान्याने दिली म्हणून त्यांचा माणूस घेऊन आला होता."

थोरला टेबलाकडे बघू लागला. ती खुर्ची तिच्या डोळ्यांदेखत झाली होती. चाकं दुकानातली, पण बैठक थोरल्याने स्वतः विणली होती, वेताची, कारण रेक्झिनवर दिवसभर बसून आजारी माणसाची पाठ तापते. वेताला हात लावणार नाही असं भावाला तोंडावर सांगून बाहेर पडलेला माणूस दार लावून घेऊन विणत बसला होता. मग दवाखान्यातल्या ओळखीच्या माणसाच्या हाती ती पाठवली. आपल्या नावाने गेली तर परत येईल म्हणून.

"तुला कसं कळलं?" थोरल्याने विचारलं.

"गाठीवरून. विणीची शेवटची गाठ डावीकडे वळवलेली होती. आपल्या घरात डावखुरा कोण आहे?"

"मग बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर आभार मानायला यावं लागलं असतं." धाकट्याने टेबलाची कड अंगठ्याने चाचपली. "ते जमलं नसतं. परतही पाठवता येईना. तिला त्यात बरं वाटायचं."

"आणि आता?"

"आताही जमत नाहीये, दादा. बसलोय, एवढंच."

थोरल्याने पाण्याचा तांब्या उचलला, पेल्यात पाणी ओतलं आणि पेला टेबलावरून भावाकडे सरकवला. धाकट्याने तो घेतला आणि तहान नसतानाही सगळा संपवला. खिळा आणि मुंगी, दोघंही मन लावून कीबोर्डाकडे बघत होती, जणू तिथे काहीतरी छापून आलंय.

"काकू," जरा वेळाने मुंगीने विचारलं, "पासवर्ड काय आहे?"

हा प्रश्न येणार हे थोरलीला माहीत असायला हवं होतं. तिने पदराशी चाळा केला. "सगळ्यांसमोर सांगू?"

"सांगावाच लागेल."

"जावाजावा," थोरली म्हणाली. "सलग. इंग्रजी अक्षरांत. मोठी अक्षरं नाहीत."

आधी खिळ्याच्या नाकातून हसू निसटलं. मग मुंगी हसली, हसताहसता तिचे डोळे भरले आणि तिने ते बाहीने पुसले. धाकटा नुसता मान हलवत राहिला. "सगळा रस्ता म्हणत होता तुमचं दोघींचं पटत नाही म्हणून," तो म्हणाला.

"आम्ही म्हणू दिलं," थोरली म्हणाली.

पडद्यावर खातं उघडलं. नाव, मुदत, आणि मालकाच्या रकान्यात धाकटीचं पूर्ण नाव, माहेरचं धरून, जसं ती सही करायची तसं. धाकट्याने खिशातून चष्मा काढला, लावला आणि ते नाव ओठांतल्या ओठांत वाचलं. मग थोरल्याने हात पुढे केला, भावाचा चष्मा मागून घेतला आणि त्यानेही वाचलं.

"हे बदलायलाच हवं का?" धाकट्याने विचारलं.

"बदलावं लागेल, बाबा. मालक हयात नाही हे नाव देणाऱ्या कंपनीला कळलं, आणि मधेच काही अडचण आली, तर नाव हातातून जाईल. आईलाही ते चाललं नसतं."

"मग वहिनींचं घाला."

"मला कशाला मधे ओढता?" थोरली म्हणाली. "पोरांपैकी कोणाचं घाला. मला काय कळतंय यातलं?"

"इतकी वर्षं कोणाला कळत होतं मग?" थोरला म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला, पण खालच्या सुरात. "घाल गं मुंगे, तुझ्या काकूचंच."

मुंगीने आईच्या नावाचं एकेक अक्षर मागून खोडत आणलं. रकाना कोरा झाला तेव्हा ती थांबली. खिळ्याने आपली खुर्ची तिच्या खुर्चीजवळ ओढली आणि म्हणाला, "तू सांग, मी टाइप करतो." तिने अक्षरं सांगितली, त्याने थोरलीचं नाव लिहिलं. पुष्टीसाठी मेल आला तो धाकटीच्याच पेटीत. थोरलीने फोन काढला आणि दर वर्षीच्या सवयीने, कोणाला न विचारता, बरोबर जागी बोट दाबलं.

"झालं," मुंगी म्हणाली. "आता दुकानं दोन आणि नाव एक. तर मी काय म्हणते, एकच पान करू. त्यावर दोन दारं. या दारातून गेलं की वेताच्या खुर्च्या, त्या दारातून चाकांच्या. ग्रंथालयाला दोन्ही हव्यात, त्यांना एकच पत्ता पाठवू."

"नावाच्या आधी टिंब देऊन दोन वेगळे पत्तेही होतात," खिळा म्हणाला. "वेत डॉट दोनभाऊ, चाक डॉट दोनभाऊ. घर तेच, खोल्या वेगळ्या. ज्याला थेट जायचं असेल त्याने तसं जावं."

"हे बरं आहे," धाकटा म्हणाला.

"बरं आहे," थोरला म्हणाला.

मुंगीने पडद्यावर दोन चौकोन काढले, शेजारी शेजारी. "डावीकडे वेत."

"का? डावीकडे चाकं," थोरला म्हणाला. "माणूस डावीकडून वाचतो. आधी थोरला."

"वयाचा काय संबंध? बाबांनी आधी वेत केला, चाकं मग आली. आधी वेत."

"गिऱ्हाईक कशाला जास्त येतं ते बघ ना."

"येतं आणि वर्षभरात चाक निघालं म्हणून पुन्हा येतं."

"माझं चाक निघालेलं दाखव एक. चल, आत्ता दुकानात चल."

मुंगीने घाबरून काकूकडे बघितलं, मधे पडू का? थोरलीने मान हलवून नको म्हटलं. इतकी वर्षं दोघं भाऊ भांडलेसुद्धा नव्हते. भांडायलाही समोर बसावं लागतं.

ती चहा टाकायला आत गेली. पाणी चढवलं, आलं ठेचलं, पाच कप काढून पुसले. बाहेरून आवाज येतच होते.

"दादा, तुला यातलं कळत नाही."

"मला कळत नाही? अरे, तुझ्या हातात रंधा कोणी दिला?"

"दिलास, पण उलटा धरायला शिकवलास. डाव्या हाताने."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ कोणीतरी हसलं. दोघांपैकी कोण हसलं ते तिला भिंतीपलीकडून ओळखता आलं नाही, कारण त्या दोघांचं हसणं पहिल्यापासून सारखंच होतं. पाणी उकळायला आलं. आत्ता चहा नेला तर बोलणं तुटेल, म्हणून थोरलीने गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.